तीनचा फरक

ते उत्तर नीलिमाला दिसलं तेव्हा शुक्रवारची दुपार होती. कॉम्प्युटर लॅबमधला एकच पंखा फिरत होता आणि तोही उपकार केल्यासारखा. उत्तर असं होतं: ए-वर्ग, डी, एम-वर्ग. तिघांचा गुणाकार. प्रश्न साधा होता, सहा साइन एक्स कॉस एक्स याचं इंटिग्रेशन करा. त्यात ए कुठून आला, डी कुठून आला, आणि एमचा तर सात पिढ्यांत संबंध नव्हता. पोरं उत्तराच्या चौकटीत काय वाट्टेल ते भरतात हे तिला पाठ होतं. कुणी फोन नंबर टाकतं, कुणी नुसतीच शून्यं. अकरा वर्षं ती वाशीमच्या त्या कॉलेजात गणित शिकवत होती, तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनमध्ये नव्याने नोकरीला लागत आणि दर एप्रिलमध्ये नव्याने सुटत. त्यातली शेवटची तीन वर्षं पोरांचा गृहपाठ ऑनलाइन होता, आणि तो तिने एकटीने उभा केला होता. आज तिला फक्त जुन्या बॅचचा पसारा पुसायचा होता. सोमवारी तिची प्रश्नपेढी आणखी आठ कॉलेजांना जायची होती, गुरुवारी कायम जागेची मुलाखत होती, आणि मुलाखतीत सांगण्यासारखं तिच्याजवळ हे एकच होतं. पुसता पुसता हात थांबला तो नुसत्या गमतीने. या लेकराला नेमकं लिहायचं तरी काय होतं, ते बघावं म्हणून तिने डावीकडचा रकाना उघडला, जिथे मूळ टाइप केलेलं जसंच्या तसं राहतं. तिथे इंग्रजी अक्षरांत एकच शब्द होता. मॅडम.

तिला आधी हसूच आलं. पोरं गुणाकाराचं चिन्ह टाकायला कंटाळतात म्हणून तिनेच ती सोय चालू करून ठेवली होती, शेजारी शेजारी आलेली अक्षरं गुणाकार समजायची. सिस्टीमने सांगितल्याप्रमाणे केलं. एम गुणिले ए गुणिले डी गुणिले ए गुणिले एम. दोन ए जवळ आणले, दोन एम जवळ आणले, वर्णक्रमाने उभे केले, आणि खाली नम्रपणे लिहिलं की तुमच्या उत्तरात ए, डी, एम ही चलं आहेत, हा प्रश्न फक्त एक्समध्ये आहे. हसू ओठांवर आलं तसं तिथेच अडकलं, कारण त्याखाली आणखी एक प्रयत्न होता. त्याच मुलीचा, तीन मिनिटांनंतरचा. मॅडम बरोबर आहे हो. त्या अख्ख्या वाक्याचा सिस्टीमने भुगा केला होता. अक्षरं सुटी करून ओळीने लावली होती आणि त्यांच्या डोक्यावर छोटे छोटे आकडे ठेवले होते. ‘आहे’ कुठे गेलं, ‘हो’ कुठे गेलं, काही कळायला मार्ग नव्हता. खाली पुन्हा तीच नम्र सूचना आणि लाल फुली. वेळ रविवारी दुपारी सव्वाबाराची. नाव तनुजा, गाव केनवड, बी.एस्सी. पहिलं वर्ष, ऑनलाइन गृहपाठाची पहिली बॅच.

मग तिने वरचे सहा प्रयत्न पाहिले. उणे तीन कॉस-वर्ग एक्स अधिक सी. लाल. तेच, पण प्रत्येक गुणाकाराचं चिन्ह नीट टाकून. लाल. उणे दीड कॉस दोन एक्स अधिक सी. लाल. मग त्याच कॉस दोन एक्सची फोड करून. मग सीऐवजी के लिहून. मग पुन्हा पहिलं, जसंच्या तसं, जणू दार वाजवणाऱ्या माणसाने घरात कुणी नाही असं वाटून एकदा शेवटचं वाजवावं. नीलिमाने एका पाठकोऱ्या कागदावर आकडेमोड मांडली. मांडायची काही गरज नव्हती, पण हाताला काम हवं होतं. तिचं स्वतःचं आदर्श उत्तर होतं तीन साइन-वर्ग एक्स अधिक सी. मुलीचं वेगळं दिसत होतं, पण तेही बरोबर होतं. विहिरीतलं पाणी कुणी तळापासून मोजतं, कुणी काठापासून. आकडे वेगळे येतात, पण पाणी किती चढलं विचारलं तर दोघं तेवढंच सांगतात. हे ती दर वर्षी फळ्याजवळ उभी राहून सांगायची, विहिरीसकट सांगायची. सिस्टीमला विहीर कुणी सांगितली नव्हती. तिच्या पोटात बीजगणित करणारं जे सॉफ्टवेअर बसवलं होतं ते पोराचं उत्तर आदर्श उत्तरातून वजा करायचं, शून्य उरलं तर हिरवी खूण, नाही तर लाल फुली. इथे उरले होते तीन. तपासणी कोणत्या पद्धतीने करायची याची एक यादी असते आणि तिच्यातून निवड शिक्षकाने करायची असते. इंटिग्रेशनसाठी वेगळी पद्धत होती, उत्तर उलटं फिरवून मूळ प्रश्न येतो का ते बघणारी. ती त्याच यादीत चार ओळी खाली होती. नीलिमाने पहिली ओळ तशीच राहू दिली होती. प्रशिक्षणात कुणीतरी म्हणालं होतं, पहिलीच ठेवा, सगळ्याला चालते, आणि तिने ते वहीत लिहून खाली रेघही मारली होती.

त्या गृहपाठातल्या पाचही प्रश्नांना तीच पहिली ओळ होती. म्हणजे हिरवी खूण कुणाला मिळाली, तर ज्याने वर्गात मॅडम धरतात तसा साइन धरून गणित सोडवलं त्याला. आणि त्याहून जास्त, ज्याने काहीच धरलं नाही, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला साचा उचलला, त्यात आपल्या प्रश्नातला आकडा घातला आणि चहा प्यायला गेला, त्याला. नकलेला हिरवं आणि अकलेला लाल. जिने स्वतःच्या डोक्याने कॉस धरला, तिला अंतर्गत गुणांत पास व्हायला चार कमी पडले. पहिल्या वर्षाच्या निकालानंतर तनुजा परत आली नव्हती. पोरी येत नाहीत, त्यात नवल काय. कुणाचं लग्न होतं, कुणाची बस बंद होते. नीलिमाने हजेरीपटावर तिच्या नावापुढे रेघ ओढली असणार. आपण ती रेघ ओढताना काय विचार करत होतो, हे आठवायचा तिने खूप प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही.

तिने यादी उघडली आणि चार ओळी खाली जाऊन योग्य पद्धत निवडली. मग जुने प्रयत्न पुन्हा तपासायचं बटण दाबलं. पहिला हिरवा झाला. दुसरा हिरवा झाला. एकेक करत सहाही हिरवे झाले, रिकाम्या लॅबमध्ये, ज्या मुलीचे होते तिच्या पाठीमागे जवळजवळ तीन वर्षांनी. नीलिमा बघत राहिली. सातवी ओळ आली आणि लालच राहिली. मॅडम लालच राहिली. तिला एकाएकी असं वाटलं की मागच्या रांगेत कुणीतरी बसलं आहे आणि आपलं तपासून व्हायची वाट बघतं आहे. तिने मान वळवली नाही. उठून पंखा बंद केला, आणि तरी वारा लागत राहिल्यासारखा वाटला.

खरं तर या यंत्रावर तिचा जीव होता, आणि त्याचं कारण तिने कुणाला कधी सांगितलं नव्हतं. रिठदच्या शाळेत ती आठवीत असताना गणिताच्या गुरुजींनी तिच्या वहीवर शून्य दिलं होतं. उत्तर बरोबर होतं. रीत त्यांची नव्हती, आणि नीलिमाच्या आडनावाच्या मुलीला स्वतःची रीत सुचते यावर त्यांचा विश्वास नव्हता. कुठून उतरवलंस, एवढंच त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पुढची वही ओढली. दुसऱ्या दिवशी तिचे वडील पंजाबराव शाळेत आले. चौथी शिकलेला माणूस, अंगावर धुतलेला सदरा, हातात पोरीची वही. भांडले नाहीत, आवाज चढवला नाही. गुरुजींच्या समोर खाली बसले आणि म्हणाले, “गुरुजी, माह्या पोट्टीचं उत्तर कसं चुकलं ते मले समजाऊन सांगा. मले काई घाई नाही.” गुरुजींनी टाळलं तरी ते बसून राहिले. मधली सुटी झाली, पुन्हा घंटा झाली, ते बसूनच. शेवटी गुरुजींनी वैतागून गणित करायला घेतलं आणि करता करता गप्प झाले. शून्याच्या जागी दहा झाले. घरी येताना पंजाबराव एवढंच म्हणाले, “तुले येते ना? मंग झालं.” पुढे ती शिकली, शिकवू लागली, पण पेपर तपासताना गठ्ठ्यातल्या पहिल्या पानावरच्या नावाकडे आपलाही डोळा जातो, हे तिला एकदा जाणवलं आणि तिने स्वतःचाच धसका घेतला. म्हणून यंत्र. यंत्र आडनाव वाचत नाही. यंत्राला कुणाचं गाव ठाऊक नाही, वस्ती ठाऊक नाही. पोरं त्याला थट्टेने सायेब म्हणायची, सायेबानं काटलं, सायेबानं पास केलं, आणि तिला ते ऐकून बरं वाटायचं. असा सायेब आपल्या वाट्याला आला असता तर, असं ती मनात म्हणायची.

विभागप्रमुख मोहनसिंग सर तिला कायम जागा मिळावी म्हणून चार वर्षं झगडत होते. तिने त्यांच्या टेबलासमोर उभं राहून सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मॅडम, दुरुस्त केलं ना तुमी आता?”

“केलं.”

“मंग जुनं कायले उकरून राह्यल्या? सोमवारी पेढी जाऊ द्या, गुरुवारी मुलाखत होऊ द्या. कमिटीसमोर आज हे गेलं तं पह्यला सवाल काय येईन? बाकीच्या पोरायच्या मार्कायचं काय? तीन सालाचे निकाल उघडतीन. जागा तं गेलीच, वरून तुमचं नाव.”

“सर, ती मुलगी बरोबर होती.”

“होती ना. मी कुठं नाही म्हणतो?” सर खालच्या आवाजात म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरोखर माया होती. “पण आता ते कॉलेजात नाही. पुसून टाका तो डेटा. घरी जा, आराम करा.”

तिने डेटा पुसला नाही, ठेवलाही नाही म्हणा. नुसता कॉम्प्युटर बंद केला आणि घरी आली. रस्त्यात तिच्या डोक्याने एक नवाच चाळा धरला. दिसेल त्या नावाची अक्षरं सुटी करायची, सारखी जवळ आणायची, वर्ग करायचा, वर्णक्रमाने लावायची. बसस्टँडवर शिरपूरच्या गाडीची पाटी दिसली, तिचं झालं. दुकानांचं झालं. स्वतःच्या नावात दोन आय निघाले, बाकी सगळी एकेकटी. नवऱ्याच्या, अनुपच्या नावात एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही, हे लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर तिला कळलं. तनुजाच्या नावात ए-वर्ग होता. रात्रभर ती नीट झोपली, तेच तिला सकाळी विचित्र वाटलं. शनिवारी वर्गात फळ्यावर अधिक सी लिहिताना खडू थांबला. सी म्हणजे काहीही, ती दर वर्षी सांगायची, सी म्हणजे जे आपल्याला ठाऊक नाही आणि ज्याने काही बिघडत नाही. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “मॅडम, सी लिवा ना,” आणि नीलिमाने लिहिला.

संध्याकाळी अनुप बाजारातून मेथीच्या दोन जुड्या घेऊन आला. ती परात पुढ्यात घेऊन निवडायला बसली. पहिली जुडी सोडली, मुळांना चिकटलेली ओली माती बोटांना लागली, आणि तिला सगळं आठवलं. आठवलं हा शब्द बरोबर नाही. ते कधी गेलंच नव्हतं. आपण त्याच्यावर बसून होतो, इतकंच. तेव्हाही अशीच मेथी होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, आणि ती घेऊन लॅबच्या दारात एक बाई उभी होती. डोक्यावर पदर, पायांत रबरी चप्पल, चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात. तनुजाची आई, गिरजाबाई. केनवडला त्यांचा भाजीपाल्याचा मळा होता. तनुजा खाली जिन्याजवळ थांबली होती. वर यायला तयार नव्हती म्हणे. गिरजाबाई म्हणाली होती, “मॅडम, पोरगी म्हणते का तिचं बरोबर आहे. मले त्यातलं काई समजत नाही. पण ते लबाड नाही बोलत. तुमी एक डाव पाहून घ्या ना.” किती सोपं होतं ते. एक डाव पाहून घ्या. कॉम्प्युटर चालू होता, सहा ओळी होत्या, दोन मिनिटांचं काम होतं. नीलिमाला मीटिंगला जायचं होतं. कोणती मीटिंग, देव जाणे. आणि तिने, जी घरात, माहेरात, भाजीवालीशी वऱ्हाडीत बोलायची, तिने कॉलेजातली मराठी काढली. “हे पाहा ताई, यंत्र आहे हे. याला नाव कळत नाही, आडनाव कळत नाही, कुणाशी याचं वैर नाही. हे चुकत नाही.” आपण तेव्हा नुसतं टाळत नव्हतो, आपल्याला ते सांगताना आनंद झाला होता, हेही आता तिला आठवलं. जणू ती बाई नव्हे, ते रिठदचे गुरुजी दारात उभे होते आणि ती त्यांना सुनावत होती. गिरजाबाईने मान हलवली. बरं जी, म्हणाली. मग पुडकं पुढे केलं. “घरची आहे. औषध नाही मारलं तिच्यावर.” आणि नीलिमाने ते घेतलं. घरी आणलं, निवडलं, लसणाची फोडणी देऊन भाजी केली, आणि भाजी फार चांगली झाली होती.

पंजाबराव दिवसभर बसले होते. ही बाई दोन मिनिटं उभी राहिली आणि तिला बस म्हणायचंही आपल्याला सुचलं नाही. नीलिमा परातीवर वाकून रडली. अनुप स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

“काय झालं वं?”

तिने सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“उद्या केनवडले जातो मी,” ती म्हणाली.

“जाऊन काय करशीन?”

“मले नाही माहीत.”

“गुरुवारनंतर जाय.” तो म्हणाला, आणि तिच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, “बरं. सकाळच्या रिसोड गाडीनं जाय. ऊन व्हायच्या आत पोचशीन.”

गाडीत तिला खिडकी मिळाली. रिठद आलं तेव्हा तिने डोळे मिटून घेतले. वडील जाऊन चार वर्षं झाली होती, विहाराजवळच्या घरात आता भाऊ राहत होता, आणि गाडी थांबली त्या दीड मिनिटात कुणी ओळखीचं चढलं तर काय सांगायचं हे तिला ठरवता येईना. एका विद्यार्थिनीकडे चालले. विद्यार्थिनी? ती तर आता कुणाचीच विद्यार्थिनी नाही. तिने मनात वाक्यं जुळवायला सुरुवात केली. तुझं उत्तर बरोबर होतं. तुझं उत्तर बरोबर आहे. होतं आणि आहे यात फरक किती, आणि तो कोणी भरायचा. गाडी भरत होती, माणसं एकमेकांना सरका सरका म्हणत होती, मागे कुणीतरी कोंबडी आणली होती. तिच्या पाठीमागच्या सीटवर कुणीतरी बसलं आहे आणि तपासून व्हायची वाट बघतं आहे, हे मात्र लॅबमधून उठून तिच्याबरोबर गाडीत आलं होतं. या वेळी तिने वळून पाहिलं. एक म्हातारी केळं सोलत होती.

रिसोडला गाडी बदलून ती केनवडला उतरली तेव्हा दहा वाजत होते. मळा विचारत विचारत सापडला. वांग्यांचे वाफे, कोथिंबीर, कडेला शेवगा, विहिरीवर मोटार चालू. सावलीत पोतं अंथरून दोघी जणी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. गिरजाबाईने तिला आधी ओळखलं.

“मॅडम होय ना तुमी? मशीनवाल्या?” ती उठली, पदर सारखा केला. “तनू, पाय कोण आलं. पाणी आण.”

तनुजाने हात झटकले. तिचा चेहरा नीलिमाला मुळीच ओळखीचा वाटला नाही. दोन डोळे, उन्हाने रापलेली कातडी, कपाळावर घामाला चिकटलेले केस. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं तिच्या तोंडातून नाहीशी झाली. पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला आणि ती एका दमात बोलली.

“तनुजा, त्या गृहपाठात तुह्यं बरोबर होतं. सहाही वेळा. तपासायची पद्धत मीच चुकीची लावली होती. मले परवा समजलं.”

तनुजाने एक जुडी उचलली, तिला सुतळी गुंडाळली, गाठ मारली.

“मले माहीत होतं,” ती म्हणाली. “त्याच दिवशी मी वहीत उलटं डिफरन्शिएट करून पाह्यलं. सहाही बार सहा साइन एक्स कॉस एक्सच आलं.”

“मग...”

“मंग मले वाटलं का मले डिफरन्शिएटच करता येत नाही.” तिने नीलिमाकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, आणि तेच सोसवेना. “तुमी मायले म्हटलं होतं ना, ते चुकत नाही. मंग चुकणारं कोण राह्यलं? मीच. पुढं मंग काईच खरं वाटे ना. सोपं गणित सोडवलं तरी वाटे, सायेबाले इचारल्याबिगर खरं नाही. परीक्षेत बरोबर लिवलेलं मी खोडून येत होती, मॅडम.”

गिरजाबाई मधेच म्हणाली, “राहू दे वं आता ते. घरी आल्या बिचाऱ्या. मॅडम, जेवून जासान.”

“कोणाकोणाले माहीत आहे हे?” तनुजाने विचारलं.

“मले आणि मोहनसिंग सरायले.”

“मंग लिवून द्या.”

गुरुवार नीलिमाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला, लांब टेबल, पलीकडे पाच माणसं, पाण्याच्या बाटल्या. नाही म्हणायला तिचं तोंड उघडलं असेल कदाचित. पण तनुजा तोवर मळ्यातल्या झोपडीतून जुन्या वहीचे कोरे कागद आणि पेन घेऊन आली होती. नीलिमाने कागद भाजीच्या पालथ्या पाटीवर ठेवला आणि प्राचार्यांच्या नावे लिहायला घेतलं. अकरा वर्षांत अर्ज इतके लिहिले होते की हात आपोआप चालला. काही तांत्रिक अडचणींमुळे सदर विद्यार्थिनीचे मूल्यमापन. तनुजा खांद्यावरून वाचत होती.

“हे नाही,” ती म्हणाली. “अडचण कोणती होती? तुमी होत्या ना.”

दुसऱ्या कागदावर नीलिमाने लिहिलं, माझ्या नजरचुकीने. तनुजाने तोही बाजूला ठेवला.

“नजर कुठं टाकली होती तुमी? माय आली होती, तुमी पाह्यलंच नाही. चुकाले आधी पाहा लागते.”

तिसरा कागद लिहायला वेळ लागला. उन्ह पोत्याच्या कडेपर्यंत आलं, गिरजाबाईने जुड्या सावलीत ओढल्या. नीलिमाने लिहिलं: तनुजाचं उत्तर बरोबर होतं. तपासणीची पद्धत मी चुकीची निवडली. तिची आई मला सांगायला आली होती. मी ऐकलं नाही, यंत्र चुकत नाही असं तिला सांगितलं आणि उत्तर उघडूनही पाहिलं नाही. हा दोष माझा आहे. तारीख घातली, सही केली. केल्यावर तिला एक हलकेपणा वाटला आणि त्या हलकेपणाची तिला लाजही वाटली. तनुजाने कागद दोनदा वाचला. आता ती घडी घालेल, आईला दाखवेल, कदाचित रडेल, असं नीलिमाला वाटलं. तिने तो परत नीलिमाच्या हातात दिला.

“देवमनचं नाव राह्यलं.”

“कोण देवमन?”

“माह्या मांगच्या बाकावर बसे. दोन गल्ल्या सोडून घर आहे त्याचं.” तनुजा पहिल्यांदाच खाली बघून बोलली. “त्याले गणित येत नव्हतं. आमी संगंच गाडीनं येत होतो, तं मी त्याले शिकवलं. म्हटलं, ग्रुपवरचं नको उतरवू, कॉस धर, माह्यावानी कर, बरोबर येते. तोबी नापास झाला त्याच्यात. बापानं घरातून काढलं, आता कुठं बाहेर कंपनीत आहे म्हणतात. त्याची माय मले बाजारात दिसली का तोंड फिरवते. सारं गाव म्हणते, इनं नासवलं पोट्ट्याले.”

गिरजाबाईचे हात थांबले होते. ती लेकीकडे बघत होती. हे तिलाही आजच कळत होतं.

“मले कागद नाही पाह्यजे, मॅडम,” तनुजा म्हणाली. “माह्यं बरोबर होतं, ते मी आज ना उद्या मानूनच घेतलं असतं. पण मी त्याले चुकीचं शिकवलं नव्हतं, हे त्याच्या मायले कोण सांगन? माह्यं ते आयकत नाही.”

नीलिमाने चौथा कागद घेतला आणि देवमनचं नाव आधी लिहिलं. त्याचं पूर्ण नाव तिने विचारलं, तनुजाने सांगितलं. लिहून झाल्यावर तिने चप्पल पायात सरकवली. तनुजाने तोंडावर पाणी मारलं, ओढणी नीट केली, आणि दोघी मळ्याच्या वाटेने गावाकडे निघाल्या, तनुजा पुढे आणि कागद घेऊन नीलिमा मागे.